एलडी सर्टिफिकेट आणि दहावीच्या सवलती: फाईल नेमकी कुठे अडकते

डिसेंबर उजाडला की कोणीतरी फाईल घेऊन येतंच. मागच्या वेळी एक आई आल्या, मुलगा दहावीत, एलडीचं सर्टिफिकेट छान लॅमिनेट करून जपलेलं, आणि त्यावर मुलाचं वय 9 वर्षं. "ताई, हे आहे ना आमच्याकडे, मग शाळा नाही का म्हणते?" नाही म्हणते कारण ते आता चालत नाही. आणि हे त्यांना सहा वर्षांत एकाही माणसाने सांगितलं नव्हतं.

नियम असा आहे की अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी ठीक असूनही वाचणं, लिहिणं किंवा हिशेब जड जाणं), म्हणजे आपण ज्याला एलडी म्हणतो त्याचं सर्टिफिकेट वयाच्या 8 वर्षांनंतर मिळतं, मग 14 व्या वर्षी परत टेस्ट, मग 18 व्या वर्षी परत, आणि ते शेवटचं मात्र कायमचं. म्हणजे तिसरी-चौथीत टेस्ट झाली असेल तरी आठवी-नववीत पुन्हा जायचंय. नववीची दिवाळीची सुट्टी ही उत्तम वेळ. दहावीचा जानेवारी नाही, तेव्हा तारखाच मिळत नाहीत.

महाराष्ट्रात या मुलांना परीक्षेत सवलती 1996 पासून आहेत, पण 1995 च्या अपंग कायद्यात एलडी नव्हतीच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार केले, त्यात ती आली, आणि तेव्हापासून हे रीतसर दिव्यांग प्रमाणपत्र झालं, म्हणजे केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) वगैरे. त्यामुळे प्रायव्हेट सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट, कितीही पैसे मोजलेले असले तरी, बोर्डाला चालत नाही. फेकू नका, रेमेडियल टीचरला, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षिकेला, तो कामाचा असतो. पण सर्टिफिकेट सरकारी हॉस्पिटलचंच.

आता कोणाकडेच नसलेला कागद. शाळेचं पत्र. मिळतं, पण त्यात लिहिलेलं असतं "विद्यार्थी अभ्यासात लक्ष देत नाही". याचा डॉक्टरला काय उपयोग? वाचताना काय चुकतं, लिहिताना काय, हिशेबात काय, कोणत्या इयत्तेपासून, हे वर्गशिक्षिकेकडून लिहून घ्या, लाजू नका, अशी मुलं लवकर ओळखणं हे 2016 च्या कायद्याने शाळेकडेच दिलंय. सोबत मागचे रिझल्ट आणि जुन्या वह्या. वह्या मे महिन्यात रद्दीत घालू नका हो! एका मुलीच्या वहीत तीन ओळींत पाऊस हा शब्द पाउस, पास आणि पसाऊ असा तीन तऱ्हांनी होता, तेही फळ्यावरून उतरवलेला. असं पान दहा पत्रांपेक्षा जास्त बोलतं.

टेस्टच्या आधी डोळे आणि कान तपासून त्याचे कागद जोडा. मूल ज्या माध्यमात शिकतंय ते पहिल्याच भेटीत सांगा. आधी आयक्यू (बुद्ध्यांक) बघतात, केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे तो 85 च्या वर असेल तरच पुढची एलडीची टेस्ट. 70 च्या खालची मुलं बौद्धिक अक्षमतेत मोजतात, त्यामुळे 70 ते 85 मधली मुलं मधल्यामध्ये लटकतात, ना इकडची ना तिकडची, आणि हे ज्याने ठरवलं त्याने अशा एखाद्या मुलाला गणित शिकवून बघावं असं मला फार वाटतं. तापातून उठलेल्या, रात्रभर एसटीने आलेल्या पोराला टेस्टला बसवू नका, तारीख बदलून घ्या.

पोर्टलचा फॉर्म सोपा आहे, अडतं ते आधारवर. शाळेच्या रजिस्टरला वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं. पत्ता गावचा, राहणं पुण्यात, आणि अर्ज जातो तो राहण्याच्या पुराव्यावरच्या जिल्ह्यात, म्हणजे फेऱ्या मारा. हे आधी दुरुस्त करा. ऑक्टोबर 2024 च्या बदललेल्या नियमांत प्रमाणपत्र द्यायला तीन महिने धरलेत, ते धरूनच उलटं मोजा.

सर्टिफिकेट आलं की काम झालं असं समजू नका. सवलत आपोआप लागत नाही, शाळेने विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि कोणती सवलत हवी ते नावानिशी लिहावं लागतं. जादा वेळ तासाला 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला अख्खा तास. लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते पेपरात लिहिणारा, हवा असेल तर खालच्या इयत्तेतला, तो आधी शोधा, आयत्या वेळी कोणाचे आईवडील हो म्हणत नाहीत. गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं, पण पुढे सायन्सला जायचं मनात असेल तर घाईने गणित सोडू नका, मुलाशी बोला.

प्रस्ताव दिल्याची पोच शाळेकडून शिक्क्यासह घ्या, "पाठवलंय हो" यावर विसंबू नका. आणि हॉस्पिटलने नामंजूर केलं तर 90 दिवसांत अपील करता येतं, त्यासाठी नकार लेखी मागा. खिडकीवरच्या तोंडी "नाही होणार"वर अपील करता येत नाही.