नोकरी सोडून गेलेल्यांची कॉम्प्युटर खाती: शोधा, बंद करा, पण घाईने डिलीट करू नका

आपल्या वडोदऱ्यात मकरपुऱ्यातला कारखाना असो, रावपुऱ्यातली पेढी असो की दांडिया बाजारातलं सीएचं ऑफिस, एकाच सर्व्हरवर दहा-पंधरा जण काम करतात आणि माणसं येत-जात राहतात. आर्टिकलशिपची मुलं मुदत संपली की जातात. एम. एस. युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी ट्रेनिंगला येतात आणि सर्टिफिकेट घेऊन निघतात. जाणाऱ्याकडून आपण कपाटाची किल्ली, सिमकार्ड, आयकार्ड आठवणीने मागून घेतो. सर्व्हरवरचं त्याचं खातं मात्र पासवर्डसकट तसंच राहून जातं.

चालू खात्यात कोणी शिरलं, तर ते वापरणाऱ्याला काहीतरी खटकतं आणि तो विचारायला येतो. सोडून गेलेल्याच्या खात्याला असं विचारणारं कोणी उरत नाही. मे 2021 मध्ये अमेरिकेतली कोलोनिअल पाइपलाइन ही इंधनवाहिनी काही दिवस बंद पडली. तिथे हल्लेखोर शिरले ते बाहेरून लॉगिन करण्याच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून.

शोधायचं कसं?

सर्व्हर विंडोजचा असेल तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘नेट यूझर’ (net user) ही कमांड द्या. सगळ्या खात्यांची नावं समोर येतात. मग त्याच कमांडपुढे एकेक नाव लिहा. जी माहिती येते तिच्यात ‘लास्ट लॉगऑन’ची ओळ बघा. तिथे शेवटच्या लॉगिनची तारीख असते, किंवा ‘नेव्हर’ असतं. मोठ्या ऑफिसात डोमेन, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांची खाती एकाच जागी सांभाळणारी व्यवस्था असेल, तर त्यातल्या ‘लास्ट लॉगऑन टाइमस्टँप’ या नोंदीची तारीख 14 दिवसांपर्यंत मागे असू शकते. तेव्हा दोन आठवड्यांच्या फरकावरून कुणाचं खातं बंद करू नका. सर्व्हर विंडोजऐवजी लिनक्सवर चालत असेल, तर बहुतेक ठिकाणी ‘लास्टलॉग’ (lastlog) ही कमांड चालते. तिला 90 दिवसांची अट घातली की त्याहून जुनी लॉगिन तेवढी दिसतात. त्या यादीत सिस्टिमची स्वतःची बरीच खाती ‘कधीच लॉगिन नाही’ म्हणून येतील. त्यांना हात लावू नका.

किती दिवस थांबायचं, असं ग्राहक हमखास विचारतात. कार्डाने पैसे घेणाऱ्यांसाठीच्या पीसीआय या सुरक्षा-नियमांत 90 दिवसांची मर्यादा आहे, आणि छोट्या ऑफिसलाही तीच ठीक वाटते. पण माणसाने नोकरी सोडली असेल, तर त्याचं खातं त्याच संध्याकाळी बंद व्हायला हवं. तिथे 90 दिवसांचा प्रश्नच नाही.

आता महत्त्वाचं. कॉम्प्युटरने दिलेल्या यादीवर एकटीवर भरवसा ठेवू नका. पगारपत्रक शेजारी घ्या आणि एकेक नाव ताडून पाहा. छोट्या ऑफिसात सगळ्यात धोक्याचं खातं या यादीत येतच नाही, कारण ते रोज वापरात असतं. माणूस केव्हाच गेला, पण त्याचा पासवर्ड तिघांना ठाऊक आहे आणि त्याच नावाने बिलं बनताहेत. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. त्या नोंदीत गेलेल्या माणसाचं नाव दिसलं, तर खरा बदल कोणी केला हे कोणाला विचारणार?

उलटंही घडतं. झेरॉक्स मशीनवर स्कॅन केलेला कागद थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जातो ना? मशीन बसवताना त्यात कोणाचं तरी खातं आणि पासवर्ड भरलेला असतो, आणि पुष्कळदा तो माणूस आता ऑफिसात नसतो. ते खातं बंद केलं की दुसऱ्या दिवशी स्कॅनिंग ठप्प. लिनक्सवर रात्री आपोआप चालणारा बॅकअपही ‘लास्टलॉग’मध्ये दिसत नाही. म्हणून आधी विचारा, मग बंद करा. अशा कामांसाठी वेगळं खातं काढून त्याला फक्त त्या फोल्डरपुरती परवानगी द्यावी.

बंद करा म्हणजे डिसेबल करा (खातं राहतं, पण त्यातून लॉगिन होत नाही), डिलीट नको. विंडोज प्रत्येक खात्याला एक अंतर्गत क्रमांक देतं आणि फाइलींच्या परवानग्या त्या क्रमांकावर असतात, नावावर नाही. डिलीट केलेलं खातं त्याच नावाने पुन्हा काढलं, तरी क्रमांक नवा पडतो आणि जुन्या फाइली उघडत नाहीत. महिना-दोन महिने डिसेबल ठेवा, कोणाचं काही अडत नाही ना ते पाहा, त्याच्या फाइली दुसऱ्याच्या ताब्यात द्या, मग काढा. लिनक्सवर नुसता पासवर्ड लॉक करणं पुरत नाही. त्या माणसाची एसएसएच की, म्हणजे पासवर्डाऐवजी चालणारी किल्लीची फाइल असेल तर तो पासवर्डाशिवायही आत येतो. खात्याची मुदतच संपवावी लागते.

वर्षातून दोनदा हे काम करावं असं आमचं मत आहे. दिवाळीत ऑफिस बंद होतं ते लाभपंचमीला उघडतं. तेवढे दिवस या कामाला सोयीचे, कारण कोणाचं काम खोळंबत नाही.

आम्हाला बोलावणार असाल तर चालू पगारपत्रक, वर्षभरात सोडून गेलेल्यांची नावं आणि ऑफिसातल्या प्रिंटर-स्कॅनरची यादी तयार ठेवा. ॲडमिनचा पासवर्ड फोनवर सांगू नका, व्हॉट्सॲपवरही पाठवू नका. आमचा माणूस आला की तुम्ही स्वतः टाइप करा, आणि काम झाल्यावर त्याच्यासमोरच बदला.