गाठीत राखणदार काय करतात?

देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढली, तेव्हा बांगड्यांबरोबर दोन तारामासे जाळ्यात आले. ते परत पाण्यात सोडताना वाडीतल्या काकी हळूच म्हणाल्या, छातीत गाठ लागते आहे. “दुखणा नाय. प्रतिकारशक्ती वाढवचो काढो घेतलो तर चलात मा?”

या प्रश्नाचं उत्तर तारामाशापासूनच सुरू होतं. १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉफ या रशियन प्राणीशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहिलं, तर फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातला होता. शरीराचे राखणदार असलेल्या, जंतू गिळणाऱ्या या भक्षकपेशींपैकी आपल्या शरीरातली मोठी जात म्हणजे मॅक्रोफेज.

गिळण्याखेरीज मॅक्रोफेजला आणखी एक काम असतं, ते म्हणजे जखम भरणं. मेलेल्या पेशी उचलायच्या, नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावायच्या, शेजारच्या पेशींना ‘वाढा’ असा निरोप द्यायचा. स्तनाच्या कर्करोगाची गाठ हेच काम करून घेते. कर्कपेशी सीएसएफ-१ नावाचं प्रथिन सोडतात, त्याच्या मागाने मॅक्रोफेज येतो. तो ईजीएफ हे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन सोडतो, त्याच्या मागाने कर्कपेशी सरकते. ती पुन्हा सीएसएफ-१ सोडते. अशी एकामागे एक, कोलॅजनच्या धाग्यांवरून ही जोडी रक्तवाहिनीपर्यंत पोचते. तिथे भिंतीला चिकटून बसलेला दुसरा मॅक्रोफेज व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्यांवर काम करणारं प्रथिन सोडतो, भिंतीतल्या पेशींचे सांधे क्षणभर सैल होतात आणि कर्कपेशी रक्तात उतरते. जिवंत उंदरांच्या गाठीत हा प्रवास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला आहे. मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

टी-पेशी या दुसऱ्या राखणदारांचं काम वेगळं, त्या कर्कपेशीला थेट मारतात. स्तनाच्या कर्करोगाच्या ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात, म्हणजे ज्याच्या पेशींवर नेहमीच्या औषधांची तीन लक्ष्यं सापडत नाहीत त्यात, गाठीत त्या भरपूर दिसल्या, तर रोगाचं भविष्य सहसा बरं असतं. पण पीडी-१ नावाचा ब्रेक दाबून गाठ त्यांना थोपवते. तो ब्रेक सोडवणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध, केमोथेरपीच्या जोडीने, जास्त धोक्याच्या पण लवकर सापडलेल्या ट्रिपल निगेटिव्ह रोगासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालं. ब्रेक सुटलेल्या टी-पेशी कधी रुग्णाच्याच थायरॉईडवर, फुफ्फुसांवर तुटून पडतात.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या बाटल्यांचा म्हणून मला राग येतो. नेमकी कोणती पेशी वाढवणार, आणि कुणाच्या कामासाठी? त्या बाटलीपायी गेलेले महिने गाठीला मिळतात.

काकींना मी एवढंच सांगितलं की न दुखणारी गाठसुद्धा कर्करोगाची असू शकते, सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही. सोमवारी त्यांची सून त्यांना तपासणीला नेते आहे.