सुजितों कलांक

सुजितों कलांक : फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेय शहराला लागून असलेले चिमुकले आखात. ‘कलांक’ म्हणजे समुद्राने बुडवलेली घळ. आपल्या खाडीला नदी येऊन मिळते; इथे नदी नाही. चुनखडीत पाण्याने कोरलेल्या घळींची खालची टोके, हिमयुग सरून समुद्र सुमारे १२० मीटर चढला तेव्हा, पाण्याखाली गेली. जवळच्या मॉर्जिऊ टोकातील कोस्केर गुहेचे तोंड आज ३७ मीटर खोल पाण्यात आहे, पण आत अश्मयुगीन चित्रे आहेत. म्हणजे तेव्हा माणसे तिथे कोरड्या पायांनी जात.

लुमिनी विद्यापीठ परिसरात, बसच्या शेवटच्या थांब्यापासून पायवाट सुरू होते. उतरायला पाऊण ते एक तास लागतो. लाखो पावलांनी घासून पांढरा, गुळगुळीत झालेला चुनखडक कोरडा असतानाही निसरडा असतो. चपला घालून निघालेले बहुधा इथेच घसरतात. वाटेत पिण्याचे पाणी नाही, सावली बेताची, खाली स्वच्छतागृह नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी घ्यावे, कारण परतीचा चढ दुपारच्या उन्हात असतो. वाटेकडेची काटेरी, गोल झुडपे (स्थानिक नाव ‘सासूची उशी’) दुर्मिळ आहेत. टेकायला बसू नये, त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठीही.

किनारा वाळूचा नव्हे, गोट्यांचा. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीत-दीड वीत, त्यामुळे वेळापत्रक पाहावे लागत नाही. पाहावा लागतो वारा. वायव्येचा मिस्ट्राल सुटला की वरचे उबदार पाणी समुद्रात ढकलले जाते आणि तळाचे गार पाणी वर येते. ऐन जुलैत, आकाश निरभ्र असताना, पाणी १६-१७ अंशांवर येऊ शकते. पूर्वेकडच्या ‘पडलेले दगड’ अशा अर्थाच्या नावाच्या भागात दरडींचा धोका आहे.

सुजितों ज्यात येते ते कलांक राष्ट्रीय उद्यान २०१२ साली झाले. उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवशी सुजितोंच्या एवढ्याशा जागेत २,५०० पर्यंत माणसे येऊ लागली. माती तुडवली गेली, पाइनची मुळे उघडी पडली, नवी रोपे धरेनात. शेवटी २०२२ पासून उन्हाळ्यातील ठरावीक दिवसांसाठी रोज ४०० जणांची मर्यादा घातली गेली. परवाना मोफत असतो, पण आधी नोंदवून नावानिशी घ्यावा लागतो, नसल्यास दंड. त्याआधी उद्यानाने गार पाणी, गर्दी, गैरसोय हे सगळे उघड सांगून पर्यटकांना परावृत्त करायचा प्रयत्नही केला होता. सरकारी खात्याकडून इतकी प्रांजळ जाहिरात विरळाच.

परवाना हाती असूनही वाट बंद मिळू शकते. जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यानुसार दुसऱ्या दिवशीचा रंग आदल्या संध्याकाळी जाहीर होतो. लाल असेल तर प्रवेश नाही. म्हणून मार्सेयकर शक्यतो मे किंवा ऑक्टोबर गाठतात, सकाळी लवकर.