हेड्रियनची भिंत म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा नव्हे

‘रोमनांनी बांधलेली, सम्राट हेड्रियनची भिंत हीच आजची इंग्लंड-स्कॉटलंड सीमा’, असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलं आहे. समज स्वाभाविक आहे. ब्रिटनच्या उत्तरेत आडवी भिंत म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

पण नकाशा उघडून पाहा. पूर्वेला वॉल्सएंड (नावाचा अर्थच ‘भिंतीचं टोक’), पश्चिमेला बोनेस. मधली सुमारे ११७ किलोमीटरची भिंत पूर्णपणे इंग्लंडमध्ये आहे. बोनेसहून खाडीपलीकडे स्कॉटलंड दिसतं खरं, पण पूर्वेकडे सीमा जवळपास शंभर किलोमीटर वर, बेरिक या गावाच्याही पुढे आहे. नॉर्थम्बरलंड या इंग्लिश परगण्याचा बराचसा भाग भिंतीच्या उत्तरेला असूनही इंग्लंडमध्येच आहे.

आता तारखा. बांधकाम सुरू झालं इ.स. १२२ च्या सुमारास. तेव्हा इंग्लंड नव्हतं, स्कॉटलंडही नव्हतं. आजच्या सीमेची रेषा साधारणपणे मान्य झाली ती १२३७ च्या यॉर्कच्या तहात, म्हणजे अकराशेहून अधिक वर्षांनी.

आणि भिंत बंदिस्तही नव्हती. दर रोमन मैलाला, म्हणजे अंदाजे दीड किलोमीटरवर, एक छोटी गढी आणि तिला दरवाजा. नुसतं अडवायचंच असतं तर इतके दरवाजे कशाला ठेवले असते? ये-जा नजरेखाली राहावी, हा हेतू अधिक पटतो.