भिंग-स्वच्छक यंत्रणा व शोधात्मक पायरी

सीडी व डीव्हीडी प्लेअरच्या वाचनभिंगावरील धूळ काढणारी यंत्रणा, आणि ती त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगी होती काय, म्हणजेच तिच्यात शोधात्मक पायरी आहे काय, हा तिच्या पेटंटविषयीचा वाद. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्या वाचनासाठी ७८०, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरतात.

ब्रशाची कल्पना या उपकरणांहून जुनी आहे. ग्रामोफोनच्या तबकडीसाठी मखमली ब्रश आणि टेपरेकॉर्डरच्या हेडसाठी साफसफाईची कॅसेट सीडीच्या आधीपासून वापरात असल्याने, प्लेअरमध्ये घालायच्या सफाई-तबकडीच्या खालच्या बाजूस ब्रश चिकटवणे ही केवळ कारागिराची सुधारणा ठरते, असा आक्षेप घेता येतो. मात्र हेड पक्के बसवलेले असते, तर भिंग नाजूक तारांवर वा स्प्रिंगवर तरंगते आणि जोराचा स्पर्श त्याला सोसत नाही. शिवाय भिंग फारच मळलेले असेल, तर प्लेअर आतल्या कडेची अनुक्रमणिका वाचू शकत नाही, तबकडी ओळखत नाही आणि ब्रश भिंगापर्यंत पोहोचतच नाही. ट्रे आत-बाहेर होताना भिंग पुसणारी अंगभूत रचना ही अडचण टाळते. त्यामुळे ती सहज सुचण्याजोगी नव्हती, ही दुसरी बाजू अधिक ग्राह्य वाटते. अर्थात, पेटंटमधील दावा, म्हणजे संरक्षण मागितलेला भाग, ब्रशाच्या जागेपुरता व स्पर्शाच्या वेळेपुरता मर्यादित असेल तरच.

पेटंट अधिनियम, १९७० च्या कलम २(१)(जेए) नुसार शोधात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असावे लागते आणि त्यामुळे तो जाणकाराला उघड नसावा लागतो. कलम ३(एफ) ज्ञात साधनांची नुसती मांडणी वा फेरमांडणी वगळते. सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात (निकाल १९७८) जुन्या घटकांच्या जोडणीतून नवा परिणाम किंवा अधिक चांगली वा स्वस्त वस्तू निघावी, असा निकष लावला. तो खटला लेथवर भांडे धरून ठेवणाऱ्या साधनाविषयी होता. अमेरिकेत केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स (२००७) या निकालाने, जोडणीची सूचना पूर्वज्ञानात (आधीच उपलब्ध माहितीत) स्पष्टपणे सापडलीच पाहिजे, हा ताठर आग्रह नाकारला.

नाशिकच्या सातपूर वा अंबड औद्योगिक वसाहतीतील उत्पादकाचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. मंजुरीपूर्वी कोणीही, तर मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून १ वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्ती विरोध नोंदवू शकते. उल्लंघनाचा दावा नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. परंतु प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केल्यास, कलम १०४ नुसार संपूर्ण प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे वर्ग होते.