शाळेच्या दारापर्यंत आणि दारातून आत : अमेरिकेच्या ई-रेट योजनेची पार्श्वभूमी

अमेरिकेतील शाळा व ग्रंथालयांना इंटरनेट आणि नेटवर्क सामग्रीवर सवलत देणारी ई-रेट योजना १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून निघाली. तिचा निधी दूरसंचार कंपन्यांच्या अंशदानातून येतो. कंपन्या ते ग्राहकांच्या बिलात लावत असल्याने विरोधकांनी त्याला आरंभापासून छुपा कर म्हटले. मोफत वा सवलतीच्या शालेय जेवणास पात्र मुलांचे प्रमाण आणि शाळा ग्रामीण की शहरी, यांवर २० ते ९० टक्के सवलत ठरते.

इमारतीतील केबल, राउटर, स्विच यांनाही सवलत द्यावी का, हा प्रश्न अधिक चिघळला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने (एफसीसी) होकार दिला आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला. मात्र वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलरची मर्यादा असल्याने आधी शाळेपर्यंतच्या जोडणीचा खर्च भागवायचा आणि उरलेले पैसे सर्वाधिक सवलतीच्या शाळांपासून खाली वाटत जायचे, असा क्रम लागला. परिणामी त्याच त्या शाळांना सामग्री मिळत राहिली आणि मधल्या फळीतील शाळांच्या वाट्याला बहुधा काहीच आले नाही. पाच वर्षांतून दोनदाच अशी मदत घेता येईल, हा नंतरचा नियम म्हणजे मूळ क्रमाला हात न लावता केलेली मलमपट्टी होती. २०१३ च्या निधीवर्षात तर आतील जोडणीसाठी पैसेच उरले नाहीत, आणि तेही टॅबलेट वर्गात शिरत असताना.

२०१४ मध्ये नियामकाने दूरध्वनीवरील सवलत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले, वार्षिक मर्यादा ३.९ अब्ज डॉलरवर नेली आणि वायफायसारख्या आतील जोडणीसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे पाच वर्षांकरिता १५० डॉलरचे अंदाजपत्रक आखले. या भागातील कमाल सवलत ८५ टक्क्यांवर आली, म्हणजे सर्वांत गरीब शाळांना पदरचे थोडे अधिक घालावे लागले. तरी किती रक्कम हाती येणार हे आधी कळू लागल्याने शाळांना प्रथमच नियोजन करता आले, आणि ही बाजू निश्चितच वजनदार ठरते. २०१९ मध्ये ही पद्धत कायम झाली.

त्यानंतर वाद आवाराबाहेर गेला. २०२३ मध्ये स्कूलबसमधील वायफाय आणि २०२४ मध्ये घरी नेण्याचे हॉटस्पॉट सवलतीस पात्र ठरले. कायद्यात उल्लेख वर्गखोल्यांचा आहे, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता. साथीच्या काळात घरीच भरलेल्या वर्गांचा अनुभव पाहता तो फारच कोता वाटतो. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कंपन्यांच्या अंशदानातून होणारी निधीउभारणी वैध ठरवली. पण सप्टेंबरमध्ये, सदस्यांमधील बहुमत बदललेल्या नियामकाने बस आणि हॉटस्पॉट हे दोन्ही निर्णय फिरवले आणि त्या वर्षासाठी प्रलंबित असलेले संबंधित अर्ज नाकारण्यास सांगितले.