भरावातला मुरूम

भरावाची जमीन आणि भूकंप म्हटलं की समुद्र हटवून केलेली बंदरं आठवतात. 1995 मध्ये जपानमधल्या कोबेच्या पोर्ट आयलंडवर चिखल-पाणी उसळलं, ते उदाहरण नेहमीचं. सांगलीकराला मात्र जपानमधलंच निगाता जवळचं वाटावं. 16 जून 1964 च्या भूकंपात तिथल्या कावागिशी-चो भागातल्या चार मजली इमारती कलल्या, एक तर जवळजवळ आडवी झाली, आणि तरी सांगाडे बरेचसे शाबूत राहिले. त्याखाली होतं शिनानो नदीचं भरून काढलेलं जुनं पात्र.

पायली ठोकली की ज्वारी खाली बसते. हादऱ्याने भुसभुशीत वाळूही तशीच बसू पाहते. पण फटींत पाणी भरलेलं असेल आणि त्याला निसटायला वेळ मिळाला नाही, तर पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना सोडतात आणि जमीन काही वेळ रबडीसारखी होते. हेच मातीचं द्रवीभवन. 1934 ला बिहारमध्ये आणि 2001 ला कच्छमध्ये ते मोठ्या प्रमाणावर झालं.

आपल्याकडे दख्खनचं पठार स्थिर, हा समज 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला मोडला. 6.3 तीव्रतेच्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, 103 मीटर उंच धरणाला आडव्या भेगा पडल्या आणि पुढे त्याला मागून टेकू द्यावे लागले. 1970 च्या भूकंप नकाशातून ‘शून्य’ म्हणजे धोका जवळजवळ नसलेला विभागच काढून टाकला.

कोयनेकाठच्या पाटणकडची त्या पहाटेची आठवण पडलेल्या घरांची. सांगलीची भीती पाण्याची. कोयनेचं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळून इथे येतं. 2005, 2019, 2021 चे पूर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी फुटांत मोजले गेले. त्यामुळे सखल जागा भरायची, जोतं उंच घ्यायचं, हे इथे शहाणपणाचंच. फक्त ज्या सखलपणामुळे भराव लागतो, त्याच सखलपणामुळे खालचं पाणीही वर असतं.

उगाच घाबरायचंही कारण नाही. काळी चिकण माती सहसा अशी विरघळत नाही, थराथराने दाबलेला कोरडा मुरूमही नाही. धोका असतो तो पाण्याखाली गेलेल्या सैल वाळूला आणि रेताड गाळाला. पण सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, टिपरमधून काय ओतलं ते नसतं.

ते कळतं बोअर घेऊन. 63.5 किलोचा घण 75 सेंटिमीटरवरून सोडायचा आणि नळी 30 सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. नकाशातल्या जास्त धोक्याच्या विभाग तीन ते पाचसाठी आपल्या भूकंप-संहितेची (IS 1893) 2016 ची आवृत्ती 5 मीटर खोलीपर्यंत किमान 15 आणि 10 मीटरपासून खाली 25 ठोके मागते. त्याच आवृत्तीत द्रवीभवन तपासायची रीतही जोडली. छोट्या बंगल्यासाठी एवढं कोण करतं? खड्डा खणायचा, मुरूम लागला की पाया भरायचा. भरावाच्या प्लॉटवर तो मुरूम लागलेला नसतो, टाकलेला असतो.